नॉबचे आकडे सोडून सगळं सांगतो : बँडच्या प्रश्नोत्तरांच्या प्रकल्प नोंदी

२ जून

आमच्या मेटल बँडला चाहत्यांनी पाठवलेले प्रश्न आज एका जागी आणले आणि त्यांचे ढीग पाडले. सगळ्यात मोठा ढीग अपेक्षेप्रमाणेच निघाला: "कुठलं पेडल?", "कुठला अ‍ॅम्प?", "गेन कितीवर?" त्याच्या खालोखाल ट्यूनिंग आणि तारा. मग ड्रम, मग गळा. बेसबद्दल थोडेच, आणि तेही खवचट.

ठरलं असं, की प्रत्येक उत्तर आधी सरावाच्या खोलीत वाजवून बघायचं आणि त्याचा छोटा तुकडा रेकॉर्ड करून उत्तराला जोडायचा. नुसती नावं द्यायची नाहीत. लीड गिटारवाल्याचं म्हणणं, लोकांना यादी हवी आहे, यादी देऊन मोकळे होऊ. यादी अर्ध्या तासात होईल हे खरंच. पण आम्हा दोघांना एकच गिटार, तोच अ‍ॅम्प, एकही नॉब न हलवता दिला तरी आवाज दोन निघतात. तो ब्रिजजवळ आणि जाड पिकने मारतो, माझा हात जरा पुढे असतो. हेच पहिल्या उत्तरात ऐकवू म्हटल्यावर त्याचा विरोध मावळला. (त्याचा आवाज जास्त धारदार येतो, हे त्याला माहीत आहे.)

रिदम गिटार आणि या नोंदी माझ्याकडे.

५ जून

तारांचा प्रश्न. बऱ्याच जणांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच विचारलंय: गिटार सी स्टँडर्डला (सगळ्या तारा दोन स्वर खाली) उतरवली की जाड तार लोंबते, पाम म्यूट केला (तळहात तारांवर टेकवून मारलं) तर ठोका न येता नुसतीच फडफड होते, तर पिकअप बदलू का?

पिकअपचा, म्हणजे तारेची कंपनं विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या भागाचा, यात काही संबंध नाही. तारेवरचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २५.५ इंच स्केलच्या (म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या भागाच्या लांबीच्या) गिटारवर ४६ ची, म्हणजे ०.०४६ इंच जाड, तार ई ला, म्हणजे ८२.४ हर्ट्झला, लावली की तिच्यावर सुमारे ८ किलोचा ताण असतो. तीच तार दोन स्वर उतरवून सी ला, ६५.४ हर्ट्झला, आणली की ताण उरतो ५ किलोच्या आसपास. म्हणजे एक तृतीयांशापेक्षा जास्त गेला. तिथे ५६ ची तार घातली तर तो पुन्हा साडेसात किलोपर्यंत येतो. स्केल २७ इंचांचा असेल तर त्याच तारेवर त्याच स्वराला आणखी सुमारे १२ टक्के ताण मिळतो. बॅरिटोन गिटारचं सगळं गुपित एवढंच.

दोन्ही तारा पाळीपाळीने लावून ट्यूनरसमोर धरल्या. ४६ च्या तारेवर जोरात पिक मारला की काटा आधी सी च्या उजवीकडे उडतो, क्षणभर तिथेच थरथरतो, मग हळूहळू मध्यावर येतो. वेगवान रिफमध्ये तार मध्यावर येईपर्यंत पुढचा ठोका पडलेला असतो, म्हणजे ऐकणाऱ्याच्या कानी फक्त तो चढा स्वरच जातो. ५६ वर काटा हलतो, पण उडत नाही. म्हणून सल्ला: ट्यून करताना तार हळुवार छेडू नका, गाण्यात मारता तशीच मारा आणि ठोक्याच्या क्षणी काटा कुठे आहे ते बघा.

जाड तार आधीच्या नटच्या (मानेच्या टोकाला तारा धरणाऱ्या पट्टीच्या) खाचेत बसत नाही, वरच तरंगते. खाच रुंद करावी लागते, आणि ती हातची गोष्ट नसेल तर कारागिराकडे द्यावी. खाच एकदा खोल गेली की नट बदलण्यावाचून इलाज नाही. ताण बदलला की मानेचा बाक आणि इंटोनेशन (मानेवर सगळीकडे स्वर अचूक येतो का) दोन्ही पुन्हा तपासायचे. हे उत्तरात ठळक करायचं.

एक गंमत ड्रमरने काढली. ज्या ढिलेपणाची सगळे तक्रार करतात, तो ढिलेपणा 'ब्लॅक सबाथ' बँडच्या गिटारवादक टोनी आयोमीला मुद्दाम हवा होता. १९६५ मध्ये कारखान्यातल्या अपघातात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, त्यामुळे फ्रेटवर दाबायचा हात तोच. प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, आणि १९७१ च्या 'ब्लॅक सबाथ'च्या तिसऱ्या अल्बममध्ये गिटार दीड स्वर खाली आली. पण त्या संगीताची चाल संथ होती. तार स्थिरावायला तिथे सवड होती, आमच्या गाण्यांत ती नाही. हे उत्तरात घेतलं.

८ जून

गेन, म्हणजे अ‍ॅम्पमध्ये सिग्नल किती फुगवून डिस्टॉर्शन आणायचं ते. हा दिवस भांडणाचा असणार हे माहीत होतं.

प्रश्न: "तुमच्यासारखं घट्ट डिस्टॉर्शन हवं, गेन दहावर ठेवला तरी येत नाही." दहावर ठेवला म्हणूनच येत नाही. गेन वाढवला की ठोक्याचं टोक चपटं होतं, मागची खरखर वर येते आणि खालचे स्वर एकमेकांत मिसळून गाळ होतो. घरी एकट्याने वाजवताना तो गाळ भरदार वाटतो. बँडमध्ये तो बेस आणि किक ड्रमच्या अंगावर सांडतो.

आम्ही करतो ते असं: अ‍ॅम्पचा गेन निम्म्याच्या जवळपास, आणि त्याच्या आधी ट्यूब स्क्रीमर जातीचं ओव्हरड्राइव्ह पेडल, ड्राइव्ह जवळपास शून्यावर, लेव्हल बरीच वर. वरकरणी हे उलटं वाटतं, कारण पेडलकडून डिस्टॉर्शन घ्यायचंच नाही. या सर्किटचा क्लिपिंगचा टप्पा साधारण ७२० हर्ट्झच्या खालच्या भागाला कमी कमी जोर देतो आणि पुढे टोन नियंत्रण वरचं टोक थोडं कापतं. परिणामी अ‍ॅम्पला मिळतो तो खालून हलका आणि मध्यावर फुगलेला सिग्नल. अ‍ॅम्प त्यालाच चिरडतो. या जातीचं मूळ पेडल, टीएस८०८, आलं १९७० च्या दशकाच्या अखेरीस. तेव्हा त्याचा हा उपयोग कोणाच्या ध्यानीमनी असेल असं वाटत नाही.

तुकडे रेकॉर्ड केले: पेडलशिवाय गेन पूर्ण, पेडलशिवाय गेन निम्मा, पेडलसह गेन निम्मा. रिफ एकच. तिसरा तुकडा एकटा ऐकला तर सगळ्यात हडकुळा वाटतो. ड्रम आणि बेससोबत लावला की तोच सगळ्यात जड. दोन्ही प्रकारे ऐकवायचा, नाहीतर लोक पहिल्या तुकड्यालाच मत देतील.

भांडण मिडवरून, म्हणजे मधल्या कंपनसंख्यांच्या नॉबवरून, झालं. लीडवाला मिड शून्यावर नेणाऱ्या पंथाचा होता. बेसवाला म्हणाला, "तू मिड काढलास की मंचावर तू दिसतोस, ऐकू येत नाहीस." ते उत्तरात शब्दशः घालतोय.

९ जून

कालच्याच प्रश्नाला फुटलेली फांदी: मेटलमध्ये सगळे पॉवर कॉर्डच (मूळ स्वर आणि पंचम, एवढेच) का वाजवतात, पूर्ण मेजर कॉर्ड का नाही?

आळस हे अर्धं कारण, ते मान्य. उरलेलं अर्धं डिस्टॉर्शनमध्ये आहे. दोन स्वर एकत्र चिरडले की त्यांच्या कंपनसंख्यांची बेरीज आणि वजाबाकी असे नवे स्वर आपोआप तयार होतात. सी आणि जी घ्या, ६५.४ आणि ९८ हर्ट्झ. वजाबाकी ३२.६, म्हणजे जवळजवळ अचूक खालच्या सप्तकातला सी. कोणी न वाजवलेला एक मंद्र स्वर फुकटात. म्हणून पॉवर कॉर्ड दोन स्वरांचा असून डोंगराएवढा वाटतो.

आता एक सप्तक वर जाऊन सी आणि ई घ्या, १३०.८ आणि १६४.८. वजाबाकी ३४. तिथला शुद्ध सी ३२.७ वर असतो, म्हणजे हा फुकटचा स्वर अर्ध्या स्वराच्या दोन तृतीयांश इतका चढा. गिटारच्या फ्रेट समान अंतराच्या स्वरसप्तकावर बसवलेल्या असतात. त्यात पंचम जवळपास शुद्ध राहतो, गंधार मात्र शुद्धपेक्षा १४ सेंट (शंभर सेंट म्हणजे अर्धा स्वर) चढा असतो. स्वच्छ आवाजात कान ते पोटात घालतो. डिस्टॉर्शन ते चव्हाट्यावर आणतं.

तुकडा ऐकवताना गायिका म्हणाली, मला तो खडबडीत गंधारच आवडला. आवडू दे. नव्या गाण्याच्या शेवटी तो घालायचा का, यावर मतदान बाकी.

१३ जून

ड्रमरचा दिवस. त्याला मिळालेले प्रश्न दोनच प्रकारचे: वेग किती, आणि ट्रिगर म्हणजे फसवणूक का.

वेगाचं गणित त्याने पाठ करून ठेवलंय. २०० बीपीएमला (मिनिटाला २०० मात्रा) डबल बेसचे, म्हणजे दोन्ही पायांनी वाजवलेल्या किकचे, सोळांश (मात्रेला चार ठोके) म्हणजे सेकंदाला १३.३ ठोके, दोन ठोक्यांत ७५ मिलिसेकंद. याच आकड्यातून किक ड्रमच्या आवाजाचं उत्तरही निघतं. किकचा घुमार समजा ६० हर्ट्झचा. त्याचं एक आवर्तन सुमारे १७ मिलिसेकंदांचं, म्हणजे पुढचा ठोका पडेपर्यंत जेमतेम साडेचार आवर्तनं. घुमायला वेळच नाही. लांब घुमणारा किक या वेगात सलग गुरगुर होऊन बसतो. म्हणून हेडला आतून उशी टेकवतात, खालचा भाग आवरतात आणि ३ ते ५ किलोहर्ट्झमधली टकटक वर काढतात. लोक तिला टंकलेखन यंत्र म्हणून हिणवतात. पण ती टकटक काढली की वेगच ऐकू येत नाही. तुकड्यात ती काढून दाखवली आहे.

ट्रिगरबद्दल तो आधी चिडला, मग शांतपणे सांगितलं. ट्रिगर म्हणजे ड्रमच्या कडेला लावलेला सेन्सर. ठोका पडला की तो मोड्यूलला कळवतो आणि मोड्यूल ठरवलेला आवाज वाजवतं. ठोक्याचा जोर तो एकसारखा करू शकतो. वेळ मात्र दुरुस्त करत नाही. पाय दहा मिलिसेकंद उशिरा पडला तर ती चूकही तितक्याच खणखणीतपणे वाजते. ज्याचे पाय असमान आहेत त्याने ट्रिगर लावणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

सराव कसा करावा, याचं त्याचं उत्तर कंटाळवाणं आणि बरोबर आहे: क्लिक लावा, डावा पाय आधी, १२० ला दोन्ही पायांचा जोर सारखा येईपर्यंत १२५ ला हात लावू नका.

ब्लास्ट बीट (स्नेअर आणि किकचा अतिवेगवान सलग मारा) कोणी शोधला यावर तो तासभर बोलू शकतो. तेवढी जागा नाही. हे नाव रूढ करण्याचं श्रेय 'नेपाम डेथ' बँडच्या ड्रमर मिक हॅरिसला दिलं जातं, एवढी ओळ ठेवली.

१४ जून

गळा. गायिकेची एक अट: तंत्र लिहून शिकवणार नाही. ग्राउल, म्हणजे मेटलमधलं गुरगुरतं गाणं, वाचून शिकण्याची गोष्ट नाही, समोर बसून ऐकणारा शिक्षक लागतो. मला ते पटलं, तिचा ढीग अर्धा झाला.

जे सांगितलं ते असं. खालच्या ग्राउलमध्ये खऱ्या स्वरतंतूंच्या वर असणाऱ्या घड्या, ज्यांना खोटे स्वरतंतू म्हणतात, त्या कंप पावतात. रशियातल्या तुवा प्रदेशाच्या कारगिरा गायनातही त्याच घड्या कामाला येतात. म्हणजे हे मेटलवाल्यांनी शोधलेलं नाही. घसा दुखायला लागला तर थांबायचं. "दुखून दुखून सवय होते" हे ज्याने सांगितलं त्याचं काही ऐकायचं नाही.

आणि माइक. नवे गायक माइकची जाळी मुठीत धरतात, कारण आवाज एकदम घोगरा आणि मोठा वाटतो. मंचावरचे बहुतेक माइक समोरून जास्त आणि मागून कमी ऐकतात, आणि हे जमतं ते जाळीमागच्या फटींमुळे. मुठीने त्या झाकल्या की माइक चारी बाजूंनी ऐकू लागतो, समोरचा मॉनिटर स्पीकरसुद्धा. मग शिट्टी. तिने खोलीत हे करून दाखवलं तेव्हा बेसवाल्याने आधीच कानांवर हात ठेवले होते.

२० जून

मधले दिवस नव्या गाण्यांत गेले. आज स्पीकर आणि माइक.

प्रश्न: "अ‍ॅम्प तोच घेतला, आवाज तो का नाही?" सगळं लक्ष अ‍ॅम्पवर, स्पीकरकडे कोणी बघत नाही. सेलेस्टियन व्हिंटेज ३० चा पल्ला कंपनी ७० ते ५,००० हर्ट्झ सांगते. म्हणजे डिस्टॉर्शनची कर्कश वरची बाजू स्पीकरच गाळून टाकतो. अ‍ॅम्पचा लाइन आउट थेट इंटरफेसला जोडून स्पीकरशिवाय ऐकवला, तेव्हा डबा खरवडल्यासारखा आवाज आला. हा तुकडा सगळ्यात उपयोगी ठरेल. अ‍ॅम्प सिम्युलेटर वापरणाऱ्यांसाठी मुद्दा तोच: मॉडेल बदलण्याआधी कॅबिनेटचा आयआर (स्पीकर आणि माइकच्या आवाजाचा ठसा असलेली फाइल) बदला.

मग शूअर एसएम५७. जाळीला जवळजवळ टेकवून आधी स्पीकरच्या मधल्या टोपीसमोर, मग टोपी आणि कोनच्या सांध्यावर, मग कोनच्या कडेकडे. मधोमध कापरं, धारदार. कडेला गडद, घोंगडी पांघरलेला. आम्ही सांध्याच्या किंचित बाहेर थांबतो. दोन बोटं माइक सरकवला की जो फरक पडतो तो ट्रेबलचा नॉब फिरवून मिळत नाही.

याच ढिगात "५० वॅट घेऊ की १००?" दुप्पट वॅटने फक्त ३ डेसिबल वाढतात. कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. १०० वाला घ्यायचाच असेल तर खुशाल घ्या, कारण वेगळं शोधा. आणि ट्यूब अ‍ॅम्प स्पीकर किंवा लोड न जोडता कधीही वाजवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. ही ओळ ठळक.

२२ जून

छोटे छोटे संपवले.

गिटार एवढी रुंद कशी? एकच रिफ दोनदा वेगवेगळी वाजवून एक टेक डावीकडे, एक उजवीकडे. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकला तर तो मधोमध बसलेला, फक्त मोठा आवाज होतो. रुंदी येते ती दोन टेकमधल्या बारीक फरकातून.

रिफच्या मधली शांतता एवढी कोरी कशी? आधी तळहात, मग नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारं यंत्र). नटच्या मागे, खुंट्यांच्या बाजूला राहिलेला तारांचा तुकडाही वाजत असतो. तिथे कापडाची पट्टी किंवा केसांचा रबर गुंडाळला की अर्धी कुरकुर बंद.

अ‍ॅक्टिव्ह पिकअपची बॅटरी लवकर का संपते? केबल खोचलेली ठेवता म्हणून. बहुतेक गिटारींत जॅक घातला की सर्किट चालू होतं.

बॉस एचएम-२ या डिस्टॉर्शन पेडलवर स्वीडिश डेथ मेटलचा आवाज कसा काढायचा? चारही नॉब उजवीकडे, शेवटपर्यंत. इथे मात्र नॉबचे आकडे देता येतात.

२५ जून

"अमुक गाणं सात मात्रांचं आहे की चारचं?" एकाने संपूर्ण गाण्याची नोटेशन लिहून पाठवली, दर दोन मापांना काळ बदलत. मेहनत बघून आम्ही सगळेच उभे राहिलो.

उत्तर असं की रिफ सात अष्टमांशांची आहे आणि ड्रमर चारवरच आहे. हाय-हॅट सरळ, स्नेअर तिसऱ्यावर. रिफ दर फेरीला एक अष्टमांश आधी सुरू होते, त्यामुळे ती घसरते आहे असं वाटतं. दोघांची सम पुन्हा जुळते ५६ अष्टमांशांनी: रिफच्या आठ फेऱ्या, ड्रमची सात मापं. पण आम्हाला भाग हवा होता आठ मापांचा, म्हणजे ६४. नऊ फेऱ्यांत ६३ होतात, उरलेला एक अष्टमांश शेवटच्या स्वराला लांबवून भरला. 'मेशुगा' हा बँड ऐकणाऱ्यांना ही युक्ती ओळखीची आहे, आम्हीही तिथूनच उचलली.

मोजायचं कसं? मान हाय-हॅटवर डोलवा आणि रिफला हवं तिकडे जाऊ द्या. बोटांवर सात मोजत बसलात तर नवव्या फेरीला हमखास पडाल. तुकड्यात आधी फक्त ड्रम, मग फक्त रिफ, मग दोन्ही.

२७ जून

बेसवाल्याने आपल्या खवचट प्रश्नांचा सूड उगवला. "मेटलमध्ये बेस ऐकूच येत नाही, मग आहे कशाला?" त्याने उत्तर लिहिलंच नाही, तुकडा दिला: पूर्ण मिक्स, मध्येच बेस बंद, पुन्हा चालू. बंद होताच गिटारी पुठ्ठ्याच्या होतात. लोक गिटारचा म्हणून जो जडपणा ऐकतात, त्याचा बराच भाग त्याचा असतो.

खाली मी दोन वाक्यं जोडली. आम्ही गिटारचा ८० ते १०० हर्ट्झखालचा भाग मिक्समध्ये कापतो, जरी खालचा सी ६५ चा आहे. वरच्या हार्मॉनिकवरून (मूळ स्वराच्या पटीतल्या कंपनांवरून) कान मूळ स्वर स्वतःच बसवून घेतो, आणि खाली रिकामी झालेली जागा बेस आणि किकला मिळते. त्याचा स्वतःचा सिग्नल दोन वाटांनी जातो: एक स्वच्छ, फक्त खालचा, दुसरा डिस्टॉर्शन लावलेला, ज्याचा खालचा भाग कापलेला.

३० जून

आज फाइली. तुकड्यांसोबत कच्चे डीआय ट्रॅकही द्यायचे, म्हणजे पिकअपमधून थेट आलेला, अ‍ॅम्प न लागलेला सिग्नल. ज्याला आमचा आवाज हवा त्याने तो आपल्या अ‍ॅम्पमधून फिरवून बघावा. मग काय कमी पडतंय, हात की यंत्र, ते त्याला कळेल. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, सगळे ट्रॅक एकाच शून्यापासून, सुरुवातीला एक माप क्लिक, टेम्पो फाइलच्या नावात.

ड्रमरच्या आग्रहाने पहिल्याच पानावर कानांचं उत्तर गेलं, ते कोणी विचारलेलं नसलं तरी. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलला रोजची मर्यादा ८ तास, आणि दर ३ डेसिबलला ती निम्मी. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. आमच्या खोलीत एक गाणं आणि अर्धं भांडण यात ती संपतात. प्लग घाला.

लीडवाल्याला सोलोचा डीआय ऐकून तो पुन्हा रेकॉर्ड करावासा वाटतोय. एका बेंडवर (तार ओढून स्वर चढवताना) स्वर थोडा खाली राहिलाय, आणि कच्च्या ट्रॅकमध्ये ते लपत नाही. परवानगी नाकारली. तोच जाणार.